ब्लेझिन फिडल्स : एका दौऱ्यासाठी जमलेला मेळ

१९९८ साली स्कॉटलंडच्या उत्तर भागात भरणाऱ्या हायलँड फेस्टिव्हलसाठी एक दौरा आखण्यात आला. हायलँड्सच्या डोंगराळ मुलखातले आणि आसपासच्या बेटांवरचे वेगवेगळ्या ढंगाचे फिडलवादक एका रंगमंचावर आणायचे, गावोगावच्या सभागृहांतून त्यांचे कार्यक्रम करायचे आणि उत्सव संपला की ज्याने त्याने आपल्या वाटेने जायचे, एवढाच बेत होता. इनव्हर्नेस परिसरातला ब्रूस मॅकग्रेगर हा तरुण वादक त्यामागे उभा राहिला. जमलेल्या मंडळींना ‘ब्लेझिन फिडल्स’ हे नाव मिळाले. दौरा पार पडला, पण मंडळी पांगली नाहीत. २०२३ साली या मेळाला २५ वर्षे पूर्ण झाली. मूळ संचातला एकटा मॅकग्रेगर सोडला तर मधल्या काळात सगळे चेहरे बदलले, तरीही कार्यक्रमाला गेलेल्या श्रोत्याला आपण दुसराच कुठला गट ऐकतो आहोत असे वाटत नाही. हे कसे घडले ते सांगायचे तर १९९८ पासून सुरुवात करून भागत नाही. या संस्थेची मुळे तिच्या स्थापनेच्या बरीच आधीची आहेत, आणि ती शिकवणाऱ्या माणसांत आहेत.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, चार तारा त्याच, गजही तोच. गजाननराव जोशी, द. के. दातार यांच्या वादनातून मराठी श्रोत्याने व्हायोलिनला गाताना ऐकले आहे. स्कॉटलंडमध्ये ते सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रुजू लागले आणि तिथल्या लोकांनी त्याला नाचायला लावले. रील, जिग, स्ट्रॅथस्पे ही तिथल्या नृत्यांची आणि त्यांबरोबर वाजणाऱ्या धुनांची नावे. रील वेगाची आणि वाहती असते. जिग तीन-तीन मात्रांच्या झुलत्या लयीची. स्ट्रॅथस्पे मात्र खास स्कॉटलंडची : चार मात्रांची, जरा संथ, आणि आखूड-लांब स्वरांच्या तुटक झटक्यांनी भरलेली. तो झटका मनगटातून येतो. स्वरलिपीत तो लिहिता येतो, पण कागदावरून उचलता येत नाही. बाहेरचा उत्तम व्हायोलिनवादकही पहिल्या प्रयत्नात इथे अडखळतो.

अठराव्या शतकात डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावच्या नील गाउने (१७२७–१८०७) या वादनाला देशभर प्रतिष्ठा मिळवून दिली. एकोणिसाव्या शतकात ईशान्येकडच्या बँकरी गावी जन्मलेल्या जेम्स स्कॉट स्किनरने (१८४३–१९२७) ते मैफलीच्या रंगमंचावर नेले. ‘स्ट्रॅथस्पेचा राजा’ म्हणूनच तो ओळखला जाई. हा इतिहासाचा उजळ भाग झाला. हायलँड्समध्ये याच काळात दुसरेही काही घडत होते. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी गावेच्या गावे उठवली आणि हजारो कुटुंबे समुद्रापार गेली. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर वसलेल्यांनी आपले फिडल सोबत नेले आणि जुन्या ढंगाने वाजवत ठेवले. मागे उरलेल्यांपैकी अनेकांनी ते धर्माच्या नावाने टाकून दिले. स्काय बेटावरचा डोनल्ड मन्रो हा अंध धर्मोपदेशक एके काळी स्वतः फिडल वाजवत असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्याच सांगण्यावरून लॉक स्निझॉर्टच्या काठी लोकांनी आपली फिडल आणि बॅगपाइप जाळली, असा वृत्तान्त तिथल्या इतिहासात नोंदला गेला आहे. हे सगळ्या हायलँड्सभर झाले असे नाही, पण अनेक ठिकाणी घराघरातून चालत आलेले शिक्षण मध्येच तुटले.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात शहरांमधून ‘स्ट्रॅथस्पे अँड रील सोसायटी’ नावाची मंडळे निघू लागली. १८८१ साली स्थापन झालेले एडिनबराचे मंडळ त्यांतले आद्य. अनेक फिडलवादक ओळीने बसून छापील स्वरलिपी समोर ठेवून एकसाथ वाजवत. या मंडळांनी मोठे काम केले याबद्दल शंका नाही. त्यांच्यामुळे धुना जिवंत राहिल्या आणि हौशी वादकांना बसायला जागा मिळाली. पण पुष्कळ गज एकाच कागदावरून चालू लागले की कोणता वादक कोणत्या खोऱ्यातून आला आहे हे ऐकू येईनासे होते. ब्लेझिन फिडल्सचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

आता शिकवणाऱ्या माणसांविषयी. इथे थोडे थांबतो, कारण गटाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो.

इनव्हर्नेसच्या पश्चिमेला कर्कहिल गावाच्या परिसरात डोनल्ड रिडेल नावाचे गृहस्थ राहत. जन्म १९०८, मृत्यू १९९२. ते बॅगपाइप वाजवत, फिडल वाजवत आणि स्वतःच्या हातांनी फिडल घडवीतही. त्यांचे गुरू अलेक्झांडर ग्रँट हे हायलँड स्ट्रॅथस्पे अँड रील सोसायटीचे एके काळचे प्रमुख. वाद्यरचनेत प्रयोग करण्याचा ग्रँट यांना नाद होता आणि ‘रॉन्डेलो’ नावाचे एक गोल आकाराचे फिडलही त्यांनी बनवले होते. ग्रँटकडून मिळालेले धन रिडेलनी आयुष्याच्या उत्तरार्धात आसपासच्या मुलांना वाटले. त्या मुलांत ब्रूस मॅकग्रेगर होता आणि कर्कहिलचाच डंकन चिझमही होता. रिडेल पाइपवादक असल्यामुळे त्यांच्या शिष्यांच्या डाव्या हातात पाइपचे अलंकार आपसूक उतरले. बॅगपाइपला श्वास तोडता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण टाकावा लागतो. हायलँडच्या फिडलवादकाला तशी गरज नसते, कारण गज थांबवता येतो. तरीही तो हे कण टाकतो, कारण त्याच्या कानाला सूर तसाच पूर्ण वाटतो.

पश्चिम किनाऱ्याकडे, लॉकबर भागात आँगस ग्रँट हे असेच शिक्षक होते. ते डावखुरे, म्हणून गजही डाव्या हाताने चालवीत. त्या भागातल्या कितीतरी मुलांनी गज कसा धरायचा ते त्यांच्याकडे पाहून, आरशातल्यासारखे उलटे शिकून घेतले. गेलिक भाषेतल्या गाण्यांचे संथ सूर आणि पाइपच्या रणधुना हे त्यांचे भांडवल होते. ग्लेनफिननचा इयन मॅकफार्लन आणि मॅलेगचा ॲलन हेंडरसन हे ब्लेझिन फिडल्सचे दोन आरंभीचे वादक याच हवेत वाढले.

तिसरे गुरू दूर उत्तरेचे, शेटलंड बेटांवरचे टॉम अँडरसन (१९१०–१९९१). ते पोटासाठी विम्याचे एजंट होते. कामानिमित्त बेटभर हिंडत असताना म्हाताऱ्या वादकांच्या घरी बसून त्यांनी शेकडो धुना टिपून घेतल्या. १९६० साली शेटलंडमधल्या फिडलवादकांची संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९७० च्या दशकात बेटांवरच्या शाळांतून फिडलचे शिक्षण सुरू झाले तेही त्यांच्याच आग्रहाने. जगभर नाव झालेला ॲली बेन हा त्यांचा शिष्य, आणि ब्लेझिन फिडल्सच्या सुरुवातीच्या संचातली कॅट्रिओना मॅकडोनल्डही त्यांचीच शिष्या. शेटलंड पंधराव्या शतकापर्यंत नॉर्स राज्याचा भाग होते, आणि तिथल्या वादनावर नॉर्वेची छाया अजून आहे. मुख्य सुराशेजारची मोकळी तार सतत गुंजत ठेवायची, म्हणजे एकच वादक असला तरी दोघे-तिघे वाजवत असल्याचा भास होतो.

हे सगळे शिक्षक घरी शिकवीत, पुष्कळदा नाममात्र मोबदल्यात, आणि मुख्यतः कानाने. रिडेल आणि अँडरसन गेले तेव्हा त्यांचे वादन सांभाळणारी पिढी विशी-तिशीत होती. ब्लेझिन फिडल्सचा पहिला दौरा निघाला तो रिडेल यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी आणि अँडरसन यांच्यानंतर सात वर्षांनी.

काळही अनुकूल होता. १९८१ साली बारा बेटावर मुलांना गेलिक संगीत शिकवणारा पहिला ‘फेश’ भरला आणि दहा वर्षांत अशा मेळाव्यांची एक मध्यवर्ती संस्थाच उभी राहिली. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या अलेस्टर फ्रेझरने स्काय बेटावरच्या गेलिक महाविद्यालयात उन्हाळी वर्ग चालवले आणि तिथे केप ब्रेटनचे वादक शिकवायला बोलावले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून गेलेले वादन अशा रीतीने घरी परतले. १९९४ पासून ग्लासगोत दर जानेवारीत ‘सेल्टिक कनेक्शन्स’ हा महोत्सव भरू लागला. १९९७ च्या सार्वमतात स्कॉटलंडने आपल्या वेगळ्या संसदेच्या बाजूने कौल दिला. आपल्या मातीतल्या गोष्टींकडे नव्याने पाहण्याची इच्छा समाजात होती आणि दौऱ्याची कल्पना अशा वेळी पुढे आली.

सुरुवातीच्या वर्षांत गटात सहा फिडलवादक होते : मॅकग्रेगर, चिझम, मॅकफार्लन, हेंडरसन, मॅकडोनल्ड आणि ओबनचा एडन ओरूर्क. जोडीला पियानोवर अँडी थॉर्बर्न आणि गिटारवर मार्क क्लेमंट. ड्रम नाहीत आणि गायकही नाही. दोन तास केवळ वाद्यसंगीतावर सभागृह धरून ठेवायचे हे सोपे नसते. लोकसंगीताच्या कार्यक्रमात गाणे नसले तर श्रोता कशाला धरून बसणार, हा प्रश्न कुणालाही पडला असता. या गटाने त्याचे उत्तर कार्यक्रमाच्या रचनेतच शोधले. प्रत्येक वादकाला स्वतःचा वेळ दिला जाई. तो पुढे येऊन आपल्या गावाबद्दल, धुन ज्याच्याकडून शिकला त्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचा आणि आपल्या भागातल्या दोन-तीन धुना एकट्याने किंवा पियानोच्या साथीवर वाजवायचा. मग सगळे एकत्र येत आणि एकाच धुनेवर सहा गज एकदम पडत.

या एकत्र वादनातच गटाची खरी ओळख आहे. सहा जण एकच धुन वाजवतात, पण प्रत्येकाचा गज आपल्या गावच्या चालीने चालतो. शेटलंडची मोकळी तार गुंजत असते, पश्चिमेचे पाइपवळणाचे कण मध्येच चमकून जातात आणि इनव्हर्नेसकडचा दमदार, तुटक स्ट्रॅथस्पे तळाशी पाय रोवून उभा असतो. आपल्याकडे ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या घराण्यांचे गायक एकाच बंदिशीवर एकत्र बसले आणि कुणीही आपली गायकी सोडली नाही तर जे ऐकू येईल, त्याच्या जवळ जाणारा हा अनुभव आहे. सूर एकत्र बांधण्यासाठी ठिकठिकाणी दुसरा सूर किंवा खालचा पट्टा वाटून दिलेला असे, पण शिस्तीच्या नावाखाली कुणाचा हेल पुसला गेला नाही. जुनी मंडळे आणि हा गट यांत माझ्या मते हाच फरक आहे, आणि त्यासाठीच मी या गटाला मोठा मानतो.

साथीबद्दलही बोलायला हवे, कारण फिडलच्या झगमगाटात पियानो विसरला जातो. स्कॉटिश नृत्यवृंदांत पियानोची ठरलेली पद्धत असे. डावा हात खर्जातला स्वर देणार, उजवा हात त्याच्या मध्ये मध्ये स्वरसमूह ठोकणार. थॉर्बर्ननी ही चौकट ठेवली, पण तिच्या आत त्यांनी असे स्वरसंघ आणले की जुनी, हजारदा ऐकलेली धुन नवीन प्रकाशात दिसू लागे. वेगाच्या रीलमध्ये ते गप्पही राहू शकत, आणि ती पियानोवादकाची अवघड कला आहे. गिटारने तालवाद्याची जागा भरून काढली.

पहिला दौरा संपल्यावर निमंत्रणे थांबली नाहीत. स्कॉटलंडमधली गावे, मग ग्लासगो-एडिनबराची मोठी सभागृहे, मग इंग्लंड, युरोप आणि अमेरिकेतले महोत्सव असा प्रवास होत गेला. ‘फायर ऑन!’, ‘द ओल्ड स्टाइल’ आणि ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ हे सुरुवातीचे अल्बम. त्यानंतर प्रत्यक्ष कार्यक्रमातले ध्वनिमुद्रण आले. २०११ मध्ये ‘थर्सडे नाइट इन द केली’, २०१५ मध्ये ‘नॉर्थ’ आणि २०१७ मध्ये ‘द की’ निघाले. पारंपरिक संगीतासाठी २००३ पासून दिल्या जाणाऱ्या स्कॉट्स ट्रॅड म्युझिक पुरस्कारांतही गटाची दखल घेतली गेली. पुरस्कारांच्या यादीत मी फार वेळ घालवत नाही. या गटाची ताकद सभागृहात आहे आणि अल्बममध्ये ती निम्मीच उतरते, असे माझे मत आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमात वादकाचे बोलणे, श्रोत्यांच्या पायांचा ठेका आणि शेवटच्या रीलला हळूहळू वाढत जाणारी गती यांचा एकत्र परिणाम होतो. तो बंद खोलीत पकडता येत नाही.

मग माणसे जाऊ लागली. इथे भांडणे झाली, गट फुटला अशा कथा शोधणाऱ्याची निराशा होईल. हे सगळे वादक स्वतंत्रपणे मोठे होते आणि प्रत्येकाकडे स्वतःचे काम होते. ओरूर्कने क्रिस ड्रेव्हर आणि मार्टिन ग्रीन यांच्याबरोबर ‘लाउ’ हा त्रिकूट गट काढला. त्या गटाला बीबीसी रेडिओ २ चा सर्वोत्तम लोकसंगीत गटाचा सन्मान २००८, २००९ आणि २०१० असा सलग तीन वर्षे आणि पुन्हा २०१३ मध्ये मिळाला. डंकन चिझम आधीपासून ‘वुल्फस्टोन’ या रॉकच्या अंगाने जाणाऱ्या गटाचा संस्थापक होताच. त्याने पुढे आपल्या पूर्वजांच्या स्ट्रॅथग्लास खोऱ्यावर ‘फारार’ (२००८), ‘कॅनिच’ (२०१०) आणि ‘ॲफ्रिक’ (२०१२) अशी अल्बमांची त्रयी केली. या तिन्ही खोऱ्यांचे पाणी शेवटी ब्यूली नदीला मिळते. त्या त्रयीतले संथ सूर ऐकताना रिडेलच्या शिष्याने गुरूचे ऋण कसे फेडले ते कळते. कॅट्रिओना मॅकडोनल्ड विद्यापीठातल्या अध्यापनाकडे आणि ‘स्ट्रिंग सिस्टर्स’ या वेगवेगळ्या देशांतल्या वादिकांच्या गटाकडे वळली.

एखाद्या गटातून असे एकेक दिग्गज बाहेर पडले की बहुतेक वेळा दोनच शक्यता उरतात. गट बंद होतो, किंवा जुन्या नावाने जुन्याच धुना वाजवणारी दुय्यम मंडळी उरतात. इथे तिसरेच घडले. शेटलंडच्या जागी शेटलंडच आले. क्वार्फ गावची जेना रीड ही विली हंटर या दुसऱ्या थोर शेटलंडी वादकाची शिष्या. तिच्या गजात मॅकडोनल्डची नक्कल नाही, पण मोकळ्या तारेचा गुंजारव तोच आहे. ऑर्कनी बेटांवरून क्रिस्टन हार्वी आली. नेर्नचा रुअ मॅकमिलन आला. ब्लॅक आइलवरच्या फोर्ट्रोझ गावची ॲना मॅसी आली. ती गिटार वाजवते, फिडल वाजवते, मेंडोलिन आणि बँजोही वाजवते आणि कार्यक्रमाचे निवेदन आपल्या विनोदाने हलके ठेवते. पियानोवर थॉर्बर्ननंतर अँगस लायन बसला. ‘नॉर्थ’ वाजवणारा संच हा असा सहा जणांचा आहे आणि त्यात मूळ दौऱ्यातला एकच माणूस आहे.

या नव्या मंडळींबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवावी. बीबीसी रेडिओ स्कॉटलंडतर्फे दरवर्षी एका तरुण पारंपरिक वादकाची निवड होते. २००३ साली तो मान ॲना मॅसीला, २००९ साली रुअ मॅकमिलनला आणि २०११ साली क्रिस्टन हार्वीला मिळाला. तिघेही फेश, शाळा आणि उन्हाळी वर्ग यांतून घडलेल्या पिढीचे आहेत. पहिल्या संचातल्यांना गुरूचे घर गाठावे लागे. या पिढीच्या लहानपणी शिकवणे गावोगाव पोचले होते. ब्लेझिन फिडल्सला रिकाम्या जागा भरणे जमले, कारण भरायला माणसे तयार होती. ती तयार करण्यात गटाचा स्वतःचाही वाटा होता, आणि तो ब्यूलीच्या वर्गातून उचलला गेला.

ब्यूली हे इनव्हर्नेसच्या पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरवरचे छोटे गाव. तेराव्या शतकातल्या मठाचे भग्न अवशेष, एक चौक, दोन-तीन हॉटेले आणि २००२ साली पुन्हा उघडलेले रेल्वे स्थानक. या स्थानकाचा फलाट ब्रिटनमधल्या सर्वांत आखूड फलाटांपैकी आहे. गाडीचा एकच दरवाजा तिथे उघडतो. गट उभा राहिल्यावर काही वर्षांतच ‘ब्लेझिन इन ब्यूली’ नावाचा आठवडाभराचा फिडलवर्ग इथे सुरू झाला. तो दर वर्षी ऑक्टोबरात भरतो. ग्लासगो किंवा एडिनबरा सोडून हे गाव निवडले गेले याला अर्थ आहे. रिडेलचे घर याच टापूत होते, आणि मॅकग्रेगर आणि चिझम मुले असताना याच रस्त्यांनी शिकवणीला जात.

वर्गात नवशिके असतात, मुरलेले वादक असतात, शाळकरी मुले असतात आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा गज हातात घेतलेली माणसेही असतात. स्कॉटलंडबाहेरूनही लोक येतात. शिकवणे बहुतांशी कानाने होते. शिक्षक धुनेचा एक तुकडा वाजवतो, सगळे परत वाजवतात, मग पुढचा तुकडा. स्वरलिपी हवी असेल तर ती नंतर मिळते. ज्यांनी वर्षानुवर्षे कागदावरूनच वाजवले आहे त्यांना पहिल्या दिवशी घाम फुटतो. पण ज्या झटक्याचा उल्लेख वर केला, तो पोचवायचा दुसरा मार्ग नाही. दुपारनंतर लहान गट पडतात, साथ कशी करावी याचे धडे होतात आणि संध्याकाळी गावातल्या हॉटेलांच्या खोल्यांतून विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसून वाजवतात. दिवसा ज्याच्यासमोर बसून शिकलो त्याच्याच शेजारी रात्री बसून वाजवणे, ही या वर्गाची मोठी देणगी आहे. रंगमंचावरचा नावाजलेला वादक तिथे टेबलाच्या कडेला बसलेला असतो आणि एखाद्या पोराने सुरू केलेल्या धुनेत हळूच सूर मिसळतो.

कार्यक्रम देणारे गट पुष्कळ असतात. आपल्या वादनाचे शास्त्र दर वर्षी, न चुकता, पदर खोचून शिकवणारे फार थोडे. मॅकग्रेगरच्या नेतृत्वाचे मोजमाप मी मैफलींच्या संख्येवरून करणार नाही, या वर्गावरून करीन. त्याच्या हाताला दुसरीही दोन कामे लागली आणि तीही याच धाग्यातली आहेत. बीबीसी रेडिओ स्कॉटलंडवरचा ‘ट्रॅव्हलिंग फोक’ हा साप्ताहिक कार्यक्रम आर्ची फिशर या ज्येष्ठ गायकाने २०१० पर्यंत दीर्घकाळ चालवला. पुढे तो मॅकग्रेगरकडे आला आणि त्याच्यानंतर ॲना मॅसीकडे. एका गटातल्या दोघांनी पाठोपाठ देशाच्या लोकसंगीताचा माइक सांभाळावा, हे विशेष आहे. २०१७ मध्ये मॅकग्रेगरने पत्नीसह इनव्हर्नेसमध्ये ‘मॅकग्रेगर्स’ हा बार सुरू केला. तिथे वादकांच्या बैठका होतात आणि शहरात पाऊल ठेवलेल्या कुठल्याही फिडलवाल्याला बसायला खुर्ची मिळते.

एवढे कौतुक केल्यावर एक खंतही मोकळेपणाने मांडतो. मॅकफार्लन आणि हेंडरसन यांच्यानंतर गटातला लॉकबरचा, पश्चिम किनाऱ्याचा आवाज क्षीण झाला आहे. शेटलंड, ऑर्कनी, नेर्न आणि इनव्हर्नेस हे सूर आता घट्ट एकजीव झाले आहेत. रचना अधिक नेटक्या आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्यांची बांधणी अधिक विचारपूर्वक आहे आणि ‘नॉर्थ’मधले एकत्र वादन पहिल्या अल्बमपेक्षा तांत्रिकदृष्ट्या सरस आहे, यात वाद नाही. पण सुरुवातीच्या संचातला खडबडीतपणा, एकाच धुनेत सहा गावे एकमेकांना धक्के देत चालली आहेत असे वाटायला लावणारी ती ओढ, थोडी कमी झाली. पुढच्या पिढीत गेलिक भाषेच्या पश्चिमेकडून, मॅलेग-मॉइडर्टच्या बाजूने एखादा गज पुन्हा या रांगेत यायला हवा. तिथे वादकांची वाण नाही.

दुसरीकडे, या गटाने इतरांना जे धाडस दिले ते मोजता येणार नाही. मुख्यतः फिडलवर उभा असलेला गट पूर्ण वेळ कार्यक्रम करू शकतो हे सिद्ध झाल्यावर तसे आणखी प्रयोग झाले. जेना रीड, तिची बहीण बेथनी, लॉरन मॅककॉल आणि सेरा-जेन समर्स या चौघींनी ‘रँट’ नावाचा केवळ फिडलचा गट काढला. त्यात पियानो नाही आणि गिटारही नाही. यांपैकी समर्स लहानपणी डोनल्ड रिडेलकडेच शिकली. ती त्यांच्या अखेरच्या शिष्यांपैकी. क्रिस्टन हार्वीने ऑर्कनीतल्या मैत्रिणींसह ‘फारा’ उभा केला. एका घरात दिलेली शिकवणी आज अशा कितीतरी रंगमंचांवर वाजते आहे.

ज्या मराठी वाचकांना हे वादन ऐकण्याची इच्छा होईल त्यांना एवढेच सुचवतो. सुरुवात ‘द ओल्ड स्टाइल’पासून करावी आणि त्यातले संथ सूर आधी ऐकावेत, वेगाचे नंतर. मग ‘नॉर्थ’ ऐकावे आणि गज कोणत्या गावचा ते ओळखण्याचा प्रयत्न करावा. चिझमचे ‘फारार’ त्यानंतर, एकांतात. आणि कुणाचा ऑक्टोबरात इनव्हर्नेसला जाण्याचा योग आला तर आखूड फलाटाच्या त्या गाडीने ब्यूलीला उतरावे. संध्याकाळच्या बैठकीला बसायला व्हायोलिन येत असलेच पाहिजे असे नाही.